पीक, कीड आणि सामाईक ठेव

शत्रू चाल करून आला असता वनस्पतीला जागा सोडून पळता येत नाही. ज्या मातीत बी रुजले तेथेच तिला उन्हापावसाला आणि शेकडो जातींच्या भुकेल्या कीटकांना जन्मभर तोंड द्यावे लागते. ह्या स्थावर जीवनाची भरपाई म्हणूनच की काय, निसर्गाने तिला रसायनविद्येत निपुण केले आहे. तंबाखूच्या पानातील निकोटीन, निंबोळीतील कडू द्रव्ये, मोहरीच्या पानाचा झणझणीतपणा ही सारी मुळात माणसाच्या उपयोगासाठी निर्माण झालेली नाहीत; पान खाणाऱ्या तोंडांना परतवून लावण्याची ती शस्त्रे होत. १९७२ मध्ये अमेरिकेतील ग्रीन आणि रायन ह्या शास्त्रज्ञांनी तर असे दाखवून दिले की, बटाट्याच्या किंवा टोमॅटोच्या एका पानाला भुंगेऱ्याने इजा केली असता, ज्या पानांना धक्काही लागलेला नाही अशा इतर पानांतसुद्धा कीटकाच्या पचनात बिघाड करणारी प्रथिने साठू लागतात. झाड मुके असले तरी बेसावध नसते.

माणसाने मात्र शेती करताना ही शस्त्रे बऱ्याच अंशी बोथट केली. कडू भाजी कोणाला आवडत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गोड, कोवळी आणि रसाळ रोपे निवडून त्यांचेच बी राखले गेले. जे माणसाच्या जिभेला रुचले ते अळीलाही रुचले, यात नवल नाही. गेलेले संरक्षण मग बाहेरून आणावे लागले. प्रथम राख, तंबाखूचा काढा, निंबोळीचा अर्क. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी कृत्रिम कीटकनाशके. १९६२ मध्ये दिल्ली परिसरात टोळधाड आली असताना भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी उभ्या पिकावर फवारून पाहिले. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. कीटकाला न मारता नुसते परतवता येते, ह्याचा हा भारतीय शेतातील एक सुंदर पुरावा होय.

ह्यावर जिज्ञासू विद्यार्थी साहजिकच विचारील की, निंबाचा हा गुण उचलून थेट कोबीत किंवा कापसात का घालता येऊ नये? अडचण अशी की, निंबातील ते कडू द्रव्य तयार करण्यासाठी झाडाला अनेक जनुकांचे साह्य लागते. एका पायरीवरचा कच्चा माल दुसऱ्या पायरीवर नेत नेत शेवटी ते द्रव्य सिद्ध होते. असा सबंध कारखाना एका झाडातून उपटून दुसऱ्यात बसविणे अतिशय कठीण आहे. प्रथिनाचे तसे नाही. एक जनुक म्हणजे एका प्रथिनाचा आराखडा. म्हणून शास्त्रज्ञ कीटकाला घातक असे एखादे प्रथिन शोधू लागले, आणि ते त्यांना एका मातीतल्या जीवाणूत सापडले.

ह्या जीवाणूची पहिली ओळख मोठ्या विचित्र रीतीने झाली. जपानमध्ये तुतीची पाने खाणारे रेशमाचे किडे एकाएकी मरू लागले. त्या रोगाचा शोध घेताना १९०१ मध्ये इशिवाता ह्या शास्त्रज्ञाला हा जीवाणू आढळला. पुढे १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात पिठातील पतंगाच्या अळ्यांमध्ये बर्लिनर ह्यांना तोच जीवाणू पुन्हा भेटला आणि प्रांताच्या नावावरून त्याचे ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ असे बारसे झाले. आज शेतकरी ज्याला नुसते ‘बीटी’ म्हणतात ते ह्याच नावाचे संक्षिप्त रूप होय. रेशीम उत्पादकाचा हा शत्रू भाजी पिकविणाऱ्याचा मित्र ठरू शकेल, हे लवकरच उमगले. १९३८ पासून फ्रान्समध्ये ह्या जीवाणूची भुकटी कीटकनाशक म्हणून विकली जाऊ लागली. त्याच्या पेशीत बीजाणूबरोबर एक लहानसा स्फटिक तयार होतो आणि खरे विष त्या प्रथिनमय स्फटिकात असते, हे १९५४ च्या सुमारास कॅनडातील अँगस ह्यांनी रेशमाच्या किड्यांवरच प्रयोग करून सिद्ध केले.

हे विष काम कसे करते ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. कारण ह्या विषयावरील पुष्कळसे वाद ते न समजल्यामुळे माजले आहेत. अळीने पान खाल्ले की स्फटिक तिच्या आतड्यात पोचतो. पतंगवर्गीय अळ्यांचे आतडे तीव्र अल्कधर्मी असते. तेथे तो विरघळतो. मग अळीचेच पाचक रस त्या प्रथिनाचा काही भाग छाटून टाकतात आणि उरलेला भाग कार्यक्षम होतो. हा भाग आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राही रेणूंना कुलपात किल्ली बसावी तसा चिकटतो, पेशीला छिद्रे पाडतो आणि पेशी फुटतात. अळी काही तासांतच खाणे थांबवते व एकदोन दिवसांनी मरते. माणसाच्या किंवा बैलाच्या जठरात आम्ल असते, तेथे ह्या प्रथिनाचे इतर प्रथिनांप्रमाणेच पचन होते. आणि आतड्यात ते ग्राही रेणूही नसतात. कुलूपच नाही तेथे किल्ली कोणत्या कामाची?

१९८७ मध्ये बेल्जियममधील घेंट येथील संशोधकांनी ह्या प्रथिनाचे जनुक तंबाखूच्या रोपात घातल्याचे जाहीर केले. त्या रोपांची पाने खाणाऱ्या शिंगी अळ्या मेल्या. परंतु जीवाणूची भाषा वनस्पतीला पुरती समजत नव्हती. प्रथिन फारच थोडे तयार होई. प्रथिन तेच ठेवून जनुकाची लिपी वनस्पतीच्या पद्धतीने नव्याने लिहिली, तेव्हा कोठे त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. १९९५ मध्ये अमेरिकेत असा बटाटा मान्य झाला. बटाट्याची पाने फस्त करणारा कोलोरॅडो भुंगेरा पन्नासहून अधिक कीटकनाशकांना दाद देईनासा झाला होता. ह्या बटाट्याच्या पानांनी मात्र तो मरे. तरीही २००१ मध्ये तो बटाटा बाजारातून उठला, कारण बड्या खरेदीदारांनी ग्राहकांच्या भीतीपोटी त्याकडे पाठ फिरवली. पीक शेतात टिकले आणि बाजारात पडले.

येथून मतभेदाला सुरुवात होते. एक पक्ष म्हणतो, परक्या जीवाचे जनुक अन्नात घालणे हेच मुळी पाप होय. दुसरा म्हणतो, आता किडीचा प्रश्न मिटला. फवारणीचा पंप अडगळीत टाका. दोन्ही पक्ष एका महत्त्वाच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. पहिल्याच्या शंकांची तपासणी प्रत्येक नव्या पिकाबाबत अवश्य व्हावी. परंतु ह्या विशिष्ट प्रथिनाच्या बाबतीत मोठा धोका ताटात नसून शेतात आहे, आणि त्याचे स्वरूप विषबाधेचे नाही, दिवाळखोरीचे आहे.

कीटकाचे ग्राही रेणू हेही जनुकांच्याच आराखड्यावर घडतात. लाखो अळ्यांत एखादीच्या आराखड्यात असा किंचित फरक असू शकतो की ते प्रथिन तिच्या आतड्याला चिकटतच नाही. एरवी ह्या फरकाचा तिला काही उपयोग नसतो. परंतु सगळीकडे विषारी पानेच पसरली, तर इतर सर्व मरतात, हीच एक जगते, आणि पुढची पिढी तिची असते. हे भाकीत केवळ कागदावरचे नव्हते. कोबी-फुलकोबीची पाने चाळणीसारखी करणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने हवाई बेटांत बीटीच्या नुसत्या फवाऱ्यांनाही दाद देणे सोडल्याचे १९९० मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्या वेळी जगात बीटीचे एकही पीक विक्रीला आलेले नव्हते. इशारा आधी मिळाला होता. त्याकडे कोणी किती लक्ष दिले हाच काय तो प्रश्न.

अर्थात्‌ खरी संपत्ती प्रयोगशाळेत बनवलेले जनुक ही नव्हे. कीटक त्या प्रथिनाने मरतो, ही त्याची दुर्बलता हीच खरी संपत्ती होय. ती कोणा कंपनीने निर्माण केलेली नाही आणि तिच्यावर कोणाचे स्वामित्वपत्रही नाही. गावाच्या तळ्यातील पाण्यासारखी ती सर्वांची आहे. एकाने अधाशीपणाने उपसा केला की शेजाऱ्याचेही पाणी आटते. ज्याने हे बी कधी पेरलेच नाही, जो सेंद्रिय शेतीत केवळ जीवाणूंचा फवारा वापरतो, त्याचाही ह्या ठेवीत वाटा आहे.

ही ठेव पुरवून कशी वापरावी, ह्याचे गणित मेंडेलच्या वाटाण्यांइतके सोपे आहे. प्रतिकार देणारे जनुक बहुधा अप्रभावी असते. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच अळी वाचते, एकाकडूनच आले तर पुरेशा जहाल पानावर ती मरते. असे समजा की कीटकांच्या समूहात ह्या जनुकाच्या हजार प्रतींत एक प्रत प्रतिकाराची आहे. मग दोन्ही प्रती तशा असणारी अळी दहा लाखांत एक निघेल. ती वाचली आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या वाचलेल्या पतंगाशी तिचा संयोग झाला, तर सर्व संतती प्रतिकारक होईल. परंतु शेजारी साध्या पिकाचा एक पट्टा असेल आणि त्यावर हजारो सामान्य पतंग निपजत असतील, तर तिला जोडीदार मिळेल तो बहुतेक सामान्यच. मग संततीत प्रतिकाराची एकच प्रत जाईल आणि ती संतती बीटी पिकावर मरेल. थोडक्यात, थोडी कीड मुद्दाम जगवावयाची म्हणजे पुष्कळ कीड मरत राहील. शेतकऱ्याला हे उफराटे वाटते, आणि ते का वाटू नये? आपल्या कष्टाच्या शेतात किडीसाठी पान वाढून ठेवा, असे त्याला सांगितले जाते.

ह्या गणिताचे काय होते हे पाहण्यास गुलाबी बोंडअळीइतके बोलके उदाहरण नाही. ती पान न खाता बोंडातील सरकी खाते. तरी विष तेच, आतड्यातील कुलूप-किल्लीचा खेळही तोच, आणि एकाच कीटकाशी तीन देशांनी तीन प्रकारे व्यवहार केल्यामुळे जणू एक प्रचंड प्रयोगच आपोआप घडून आला आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १९९६ पासून बीटी कापूस पेरला गेला. तेथे साध्या कापसाचे पट्टे कसोशीने राखले गेले. २००६ पासून त्यांची जागा मुख्यतः विमानातून सोडलेल्या वंध्य पतंगांनी घेतली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीतील कापूस-पट्ट्यातून ही कीड नाहीशी झाल्याचे सरकारने घोषित केले. चीनमधील यांगत्से खोऱ्यात पट्टे कोणी राखले नाहीत आणि प्रतिकार हळूहळू वाढू लागला. पण २०१० च्या सुमारास तेथील शेतकरी संकरित कापसाच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बी पेरू लागले. मेंडेलच्या नियमाप्रमाणे त्यातील चौथा हिस्सा झाडे बीटीविरहित निघतात. शेतभर विखुरलेला हा आश्रय कोणी योजलेला नव्हता. तरी प्रतिकार पुन्हा उतरणीला लागला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले ह्याविषयीचे संशोधन प्रत्येक कृषी महाविद्यालयात वाचले जावे अशा योग्यतेचे आहे.

आणि भारतात? येथे मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळ्यांवरील फवारण्या घटल्या व उत्पादन वाढले. त्या वाढीत पाण्याचा आणि खतांचा वाटा किती, ह्यावर तज्ज्ञ अजूनही भांडतात. बारा वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटीचा झाला. साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढा आश्रय राखावा, अशी अट मान्यतापत्रात होती. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची वेगळी पुडी मिळे. ती पुडी असंख्य ठिकाणी बांधावर पडून राहिली. २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भरूच, जुनागढ व राजकोट ह्या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने पहिल्या प्रथिनाला दाद देणे सोडल्याचे जाहीर झाले. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या बियाण्यात दोन प्रथिने होती. काही वर्षांतच ती दोन्ही निष्प्रभ ठरली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्र व तेलंगणातील शेतकऱ्यांनी बोंडे फोडून पाहिली तेव्हा बीटीच्या झाडावर, बोंडाच्या आत, गुलाबी अळी सुखाने नांदत होती.

हिरव्या बोंडअळीचे तसे झाले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. ती तुरीवर वाढते, हरभऱ्याच्या घाट्यावर वाढते, टोमॅटोवर वाढते. तिचे सामान्य भाऊबंद शेजारच्या शेतातून आपोआप येत राहतात. गुलाबी अळीचे पोट मात्र जवळजवळ केवळ कापसावर. तिला आश्रय द्यावयाचा तर कापसाचाच द्यावा लागतो. त्यात भारतातील बहुतेक बीटी वाण संकरित आणि लांब मुदतीचे. जेथे ओलिताची सोय आहे तेथे डिसेंबरात वेचणी आटोपली तरी फरदड राखून मार्चपर्यंत कापूस उभा राहतो, आणि अळीला आणखी एक-दोन पिढ्या वाढविण्यास घर मिळते.

ह्या अपयशाचे खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडण्याची प्रथा पडली आहे: त्याने पुडी पेरली नाही, त्याने फरदड घेतली. हा आरोप अन्यायाचा आहे. दोन एकरांच्या धन्याला वीस टक्के पीक किडीच्या स्वाधीन करावयास सांगणे म्हणजे त्याच्या वर्षाच्या मिठा-मिरचीवर हात टाकणे होय. त्या त्यागाचा लाभ सबंध जिल्ह्याला, तोटा मात्र एकट्याला. अशा वेळी कोणताही शहाणा माणूस पुडी बांधावरच ठेवील. त्या पुडीतील बियाणे निराळ्या मुदतीचे किंवा कमी प्रतीचे असल्याच्या तक्रारीही होत्या. पुढे त्याच पिशवीत पाच ते दहा टक्के साधे बी मिसळून देण्याची पद्धत आली, तोवर एक तप उलटून गेले होते आणि गुलाबी अळीपुरती ठेव संपली होती. जे काम बियाणे बांधतानाच करता आले असते ते शेतकऱ्याच्या सद्‌बुद्धीवर सोपविले गेले, ही योजनाकर्त्यांची चूक होती.

ह्या चुकीची किंमत केवळ रुपयांत मोजण्यासारखी नाही. संरक्षण संपले की पंप पुन्हा पाठीवर चढतो. बीटी प्रथिनाचा रस शोषणाऱ्या किडींवर मुळीच परिणाम होत नाही, त्यामुळे फवारणी पूर्णपणे कधी थांबलीच नव्हती. २०१५ मध्ये पंजाबात पांढऱ्या माशीने कापूस उद्‌ध्वस्त केला तो बीटीचाच होता. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंना अनेक कारणे होती: मिसळलेली औषधे, उघडे अंग, उंच पीक, दमट हवा. परंतु फवाऱ्याची गरज कमी करणारे कोणतेही साधन वाया घालविणे किती महाग पडते, हे त्या एका हंगामाने दाखविले. कीटकनाशक जनुक नकोच, असे म्हणणाऱ्यांनीही ह्या पंपाचा विचार केला पाहिजे. पर्याय बहुधा ‘जनुक की निसर्ग’ असा नसतो. ‘जनुक की पंप’ असा असतो.

२०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती देण्यापूर्वी देशातील सात शहरांत जाहीर विचारविनिमय झाला. तेथे आरोग्याविषयी, देशी वाणांविषयी, कंपन्यांच्या मक्तेदारीविषयी तावातावाने बोलले गेले, आणि ते बोलले जाणे योग्यच होते. शेंडा व फळ पोखरणारी अळी ह्या प्रथिनाला किती वर्षांत सरावेल आणि तिच्यासाठी आश्रय कोण राखील, हा प्रश्न त्या गदारोळात दुय्यम राहिला. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच वांगे स्वीकारले. तेथील बियाणे सरकारी संस्थेमार्फत दिले जाते आणि शेतकऱ्याला ते राखून ठेवता येते. स्वामित्वाचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविता येतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते. आश्रयाचा प्रश्न तेथेही उरतोच.

आता पाळी मक्याची आहे. मक्याचा पोंगा आणि पाने कुरतडणारी अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि वर्ष-दीड वर्षात देशाच्या बहुतेक मका पिकविणाऱ्या राज्यांत पसरली. मक्यात बीटी जनुक घालावे, अशी मागणी त्यामुळे जोर धरू लागली आहे. मागणी अवाजवी नाही. परंतु हीच अळी पोर्तो रिको बेटावर २००६ मध्ये बीटी मक्यातील एका प्रथिनाला पुरून उरली होती, आणि तेथे तो वाण विक्रीतून मागे घ्यावा लागला होता. भारतात तिचा पतंग वाऱ्याबरोबर एका रात्रीत कित्येक कोस जातो. एका जिल्ह्यातील निष्काळजीपणा दुसऱ्या राज्याला भोवेल. म्हणून असा मका मान्य करण्यापूर्वी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत. किती साधा मका कोठे राहील, आणि त्या ओळींतील नुकसान कोण भरून देईल, हे आधी लेखी ठरावे. दर हंगामाला अळ्या गोळा करून त्यांची चाचणी कंपनीने नव्हे, तर सरकारी प्रयोगशाळांनी करावी आणि तिचे निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध व्हावेत. प्रतिकार आढळला त्या तालुक्यात ते बी कोणत्या दिवसापासून विकले जाणार नाही, हेही अगोदरच सांगितलेले असावे. ह्यांपैकी कशालाही नवे विज्ञान लागत नाही. बटवड्याच्या कागदावर जसा प्रत्येकाचा हिस्सा आधी लिहिला जातो, तसे साधे बी कोणाच्या शेतात आणि कोणाच्या खर्चाने पेरले जाणार, ह्याचे उत्तर मान्यतेच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर असावयास हवे.